विश्लेषण : ‘एसपी’ म्हणजे नेमके कोणते? ‘व्हीआयटी’ आहेत तरी किती?

एकाच आद्याक्षरांची महाविद्यालये एकमेकांची गमतीने खेचत असतात. पण प्रवेशाचा अर्ज भरताना हीच आद्याक्षरे फसवी ठरू शकतात. अंधेरीच्या एका आवारापासून वेल्लोरपर्यंत पसरलेल्या या नावांच्या गुंत्यामागची कारणे, नियम आणि खबरदारी…

अभियांत्रिकी प्रवेशाचा हंगाम सुरू झाला की बोरिवलीपासून मुलुंडपर्यंत घराघरांत एक वेगळीच भाषा बोलली जाते. ‘एसपी मिळाले तर उत्तम, नाही तर केजे आहेच’, ‘शेजारचा व्हीआयटीला लागला’, ‘मामेबहीण एमआयटीला चालली’. ऐकणाऱ्याला ही वाक्ये पूर्ण वाटतात. प्रत्यक्षात त्यांतली सर्वात महत्त्वाची माहिती गाळलेली असते. कोणते एसपी? कुठले व्हीआयटी? कारण या प्रत्येक लघुनामामागे एकाहून अधिक संस्था आहेत आणि त्यांचे शुल्क, शाखा, प्रवेशाची पद्धत, इतकेच काय पदवीवर छापले जाणारे विद्यापीठही वेगळे असू शकते.

अंधेरीत ‘एसपी’ किती?

अंधेरी पश्चिमेला मुन्शी नगरात भवन्सचे आवार आहे. कन्हैयालाल मुन्शी यांनी १९३८ मध्ये स्थापन केलेल्या भारतीय विद्या भवनाच्या संस्था येथे एकाच कुंपणात नांदतात. भवन्स महाविद्यालय १९४६ चे. १९६२ मध्ये येथे सरदार पटेल कॉलेज ऑफ इंजिनीअरिंग, म्हणजे एसपीसीई सुरू झाले. त्याच आवारात सरदार पटेल इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, म्हणजे एसपीआयटी आहे. आणि तिथेच एस. पी. जैन इन्स्टिट्यूट ऑफ मॅनेजमेंट अँड रिसर्च ही व्यवस्थापन संस्थाही आहे. तिचे उद्घाटन १९८१ मध्ये ब्रिटनच्या तत्कालीन पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांच्या हस्ते झाले होते.

म्हणजे एका आवारात तीन ‘एसपी’. त्यांपैकी दोन ‘एसपी’ सरदार पटेलांचे, तर तिसरे श्रेयांसप्रसाद जैन यांचे. स्टेशनवर रिक्षावाल्याला ‘एसपी’ सांगितले तर तो भवन्सच्या गेटवर आणून सोडतो आणि काम भागते. प्रवेशाच्या अर्जात मात्र गेटपर्यंत पोहोचणे पुरेसे नसते.

पुण्यातल्या माणसाला हा सगळा तपशील ऐकवला तर तो म्हणेल, एसपी एकच, टिळक रस्त्यावरचे सर परशुरामभाऊ महाविद्यालय. २०१४ पासून पुणे विद्यापीठाच्या नावातही सावित्रीबाई फुले यांचे ‘एसपी’ आले आहे.

एकाच सरदारांच्या नावाने दोन संस्था का?

हे समजून घेण्यासाठी ‘अनुदानित’ आणि ‘विनाअनुदानित’ हे दोन शब्द नीट समजून घ्यावे लागतात. अनुदानित अभ्यासक्रमात मान्य शिक्षकांच्या वेतनाचा भार सरकार उचलते, म्हणून विद्यार्थ्याचे शुल्क कमी राहते. विनाअनुदानित अभ्यासक्रमाचा खर्च मुख्यतः शुल्कातूनच भागवावा लागतो.

एसपीसीई हे जुने, अनुदान मिळणारे महाविद्यालय. स्थापत्य, यांत्रिकी आणि विद्युत या त्याच्या मूळ शाखा. नव्वदच्या दशकात संगणक आणि इलेक्ट्रॉनिक्सला मागणी वाढली, तेव्हा राज्यातले नवे अभियांत्रिकी शिक्षण प्रामुख्याने विनाअनुदानित तत्त्वावरच उभे राहत होते. एसपीसीईमध्येही १९९५ मध्ये विनाअनुदानित विभाग सुरू झाला. पुढे २००५ मध्ये त्या विभागाची स्वतंत्र संस्था झाली, तीच एसपीआयटी. आज दोन्ही स्वायत्त आहेत आणि दोन्ही मुंबई विद्यापीठाशी संलग्न आहेत.

गेट एक, सरदार एक, विद्यापीठ एक. तरीही एसपीसीईतील अनुदानित जागा आणि एसपीआयटीतील जागा यांच्या शुल्कात मोठे अंतर असते. मध्यमवर्गीय घरासाठी हा फरक चार वर्षांच्या कर्जाचा असू शकतो. त्यामुळे ‘एसपी मिळाले’ एवढ्या माहितीवर घरात पेढे वाटता येतात, पण शुल्काची जुळवाजुळव करता येत नाही.

मग चुरस कशाची?

चुरस अर्थातच ‘खरे एसपी कोणते’ याची. एसपीसीईकडे वयाचा मान आहे. पूल, यंत्रे आणि वीज या ‘कोअर’ शाखांचा अभिमान आहे. एसपीआयटीकडे संगणक शाखेचा कटऑफ आहे, जो मुंबईतल्या सर्वात उंच कटऑफमध्ये गणला जातो. एकाने स्थापनेचे वर्ष काढावे, दुसऱ्याने प्लेसमेंटचा आकडा काढावा, असा हा सामना वर्षानुवर्षे बरोबरीत सुटत आला आहे.

यात एक गंमत आहे. २००५ च्या आधी त्या विनाअनुदानित विभागात जे शिकले, त्यांच्या कागदांवर नाव एसपीसीईचे, पण त्यांचा विभाग आज एसपीआयटीत. माजी विद्यार्थी म्हणून त्यांनी कोणत्या बाजूला बसायचे? बहुतेकांनी यावर सोपा तोडगा काढला आहे. ते नुसते ‘एसपी’ म्हणतात. लघुनाम गोंधळ घालते तसे ते फाटलेले शिवूनही टाकते, ते असे.

‘केजे’ आणि ‘एनएम’चे काय?

घाटकोपर-मुलुंडच्या विद्यार्थ्यांचा ‘केजे’ही असाच दुहेरी आहे. के. जे. सोमय्या यांच्या नावाचे एक अभियांत्रिकी महाविद्यालय घाटकोपरच्या पुढच्याच स्थानकाला, विद्याविहारला १९८३ पासून आहे. दुसरे सायनच्या आयुर्विहार परिसरात २००१ मध्ये सुरू झाले. दोन्ही सोमय्या परिवाराचीच. पण २०१९ मध्ये सोमय्या विद्याविहार विद्यापीठ हे खासगी विद्यापीठ स्थापन झाले आणि विद्याविहारचे महाविद्यालय त्याचा भाग झाले. सायनची संस्था मात्र मुंबई विद्यापीठाशी संलग्न राहिली. परिणामी एका ‘केजे’च्या पदवीवर एका विद्यापीठाचे नाव, दुसऱ्या ‘केजे’च्या पदवीवर दुसऱ्याचे.

विलेपार्ल्यात ‘एनएम’ म्हटले की वाणिज्य शाखेची मुले नरसी मोनजी महाविद्यालय समजतात, ते १९६४ चे. एमबीएवाल्यांच्या डोक्यात येते ती १९८१ ची एनएमआयएमएस, जी आता अभिमत विद्यापीठ आहे. संस्थाचालक मंडळ एकच, पण एकाचा प्रवेश दुसऱ्यात चालत नाही.

तीन ‘व्हीआयटी’ कुठून आले?

एसपी आणि केजे निदान एका घरातले आहेत. व्हीआयटीचे तसे नाही. वडाळ्याचे विद्यालंकार इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी १९९९ चे. पुण्याच्या बिबवेवाडीतील विश्वकर्मा इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी १९८३ चे. तमिळनाडूतील वेल्लोरचे व्हीआयटी १९८४ मध्ये वेल्लोर इंजिनीअरिंग कॉलेज म्हणून सुरू झाले, २००१ मध्ये अभिमत विद्यापीठ झाले आणि आज चेन्नई, अमरावती व भोपाळ येथेही त्याच नावाने आहे. यातली अमरावती आंध्र प्रदेशातली, विदर्भातली नव्हे. तिन्ही संस्थांचा एकमेकींशी काहीही संबंध नाही. ‘व्ही’ तेवढा समान.

१९८३ हे वर्ष इथे पुन्हा पुन्हा येते, तो योगायोग नाही. त्या वर्षी वसंतदादा पाटील यांच्या सरकारने खासगी संस्थांना विनाअनुदान तत्त्वावर अभियांत्रिकी महाविद्यालये काढण्याची परवानगी दिली. पुण्याचे एमआयटी, इस्लामपूरचे राजारामबापू इन्स्टिट्यूट, सोलापूरचे वालचंद इन्स्टिट्यूट, ही सगळी त्याच वर्षाची. सांगलीचे वालचंद महाविद्यालय त्याआधीचे, १९४७ चे. त्यामुळे दक्षिण महाराष्ट्रात ‘वालचंदला आहे’ म्हटल्यावर ‘सांगली की सोलापूर?’ हा प्रश्न ठरलेला.

नव्या संस्थांना नावे हवी होती आणि समोर आदर्श होता आयआयटीचा. मग एक साचाच तयार झाला. आधी संस्थापक, दैवत, संत किंवा प्रदेश आणि पुढे ‘इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी’. आता साधे गणित. तीन अक्षरी नावातली शेवटची दोन अक्षरे ‘आयटी’ अशी पक्की केली, तर पहिल्या अक्षरासाठी इंग्रजी वर्णमालेत फक्त २६ पर्याय उरतात. महाराष्ट्रात अभियांत्रिकी महाविद्यालये तीनशेहून अधिक आहेत. खोपे २६ आणि कबुतरे तीनशे असतील, तर एका खोप्यात अनेक कबुतरे बसणारच.

‘एम’च्या खोप्यात तर मुंबईच्या लोकलसारखी गर्दी आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्सचे एमआयटी १८६१ चे. चेन्नईचे मद्रास इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी १९४९ चे, जिथे डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम शिकले. मणिपालचे १९५७ चे. पुण्याचे १९८३ चे, ज्यातून २०१७ मध्ये एमआयटी वर्ल्ड पीस युनिव्हर्सिटी उभी राहिली. छत्रपती संभाजीनगरातही ग्रामोद्योगिक शिक्षण मंडळाचे एमआयटी आहे. ‘पोरगी एमआयटीला आहे’ हे वाक्य लग्नाच्या पंगतीत अजूनही चालते ते याच सुखद संदिग्धतेमुळे.

आद्याक्षरांवर इतका जीव का?

महाविद्यालयाचे पूर्ण नाव सरकारी कागदावर असते. आद्याक्षरे मात्र विद्यार्थ्यांच्या तोंडी, टी-शर्टवर आणि करंडकांच्या गर्दीत असतात. पुण्यात पुरुषोत्तम करंडकाच्या वेळी ‘आव्वाज कुणाचा’ अशी आरोळी उठते, तेव्हा उत्तरादाखल पाच शब्दांचे नाव ओरडता येत नाही. तिथे दोन-तीन अक्षरेच लागतात. तिथे ‘व्हीआयटी’ म्हणजे विश्वकर्मा. दादर-वडाळ्याच्या कट्ट्यावर तीच अक्षरे विद्यालंकारची. राष्ट्रीय पातळीवरच्या हॅकेथॉनमध्ये दोघे आमनेसामने आले आणि वेल्लोरचाही चमू असला, तर निकाल वाचणाऱ्याला शहराचे नाव लावावेच लागते आणि हरलेल्यांना ‘जिंकले तर व्हीआयटीच ना’ असे म्हणून समाधान मानता येते.

आद्याक्षरे किती चिवट असतात, हे माटुंग्यात दिसते. १८८७ मध्ये स्थापन झालेल्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटचे नाव १९९७ मध्ये वीरमाता जिजाबाई टेक्नॉलॉजिकल इन्स्टिट्यूट झाले. राणी गेली, राजमाता आल्या, पण ‘व्हीजेटीआय’ जसेच्या तसे राहिले. नाव बदलणाऱ्यांनी आद्याक्षरे सांभाळली आणि कुणाची जुनी गुणपत्रिका परकी झाली नाही. याउलट यूडीसीटीची आयसीटी होऊन बरीच वर्षे झाली, तरी जुने रसायन अभियंते अजून ‘यूडीसीटी’च म्हणतात. १९९६ मध्ये नामांतर झालेल्या स्थानकाला मुंबईकर आजही सवयीने ‘व्हीटी’ म्हणतात, तसेच हे.

नियम काय सांगतात?

तंत्रशिक्षणाची शिखर संस्था असलेल्या अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या नियमावलीत याबाबत एक स्पष्ट अट आहे. नव्या संस्थेचे नाव असे असू नये, ज्याचे लघुरूप आयआयटी, आयआयएम, आयआयएससी, एनआयटी यांसारखे होईल. म्हणजे लघुनामाने दिशाभूल होऊ शकते, हे व्यवस्थेला मान्य आहे. पण हे संरक्षण केवळ केंद्राच्या नामांकित संस्था आणि सरकारी यंत्रणांपुरते आहे. व्हीआयटी, एमआयटी किंवा एसपी यांना ते लागू नाही.

‘विद्यापीठ’ या शब्दाबाबत कायदा अधिक कडक आहे. विद्यापीठ अनुदान आयोग कायदा, १९५६ च्या कलम २३ नुसार कायद्याने स्थापन झालेल्या विद्यापीठाशिवाय कुणालाही हा शब्द नावात वापरता येत नाही. नोव्हेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर आयोगाने १२३ अभिमत संस्थांना नावातून ‘युनिव्हर्सिटी’ हा शब्द काढण्यास सांगितले. वेल्लोरच्या संस्थेचे ‘व्हीआयटी युनिव्हर्सिटी’ हे नाव त्यानंतरच मागे पडले.

परदेशात हे वाद कसे मिटतात?

अमेरिकेत विद्यापीठांचे खेळ आणि त्यांच्या टोप्या-टी-शर्टची विक्री हा मोठा व्यवसाय आहे. त्यामुळे तिथे आद्याक्षरांची चुरस मैदानावरून न्यायालयापर्यंत जाते. सदर्न कॅलिफोर्निया आणि साउथ कॅरोलायना ही दोन्ही विद्यापीठे ‘यूएससी’. साउथ कॅरोलायना १८०१ चे, म्हणजे वयाने थोरले. तरीही त्याला टोपीवरील ‘एससी’ या अक्षरचिन्हाची नोंदणी मिळाली नाही. सदर्न कॅलिफोर्नियाच्या चिन्हाशी ते मिळतेजुळते असल्याचा निर्णय २०१० मध्ये तेथील अपील न्यायालयाने कायम ठेवला.

ओहायो स्टेट, ओक्लाहोमा स्टेट आणि ओरेगॉन स्टेट ही तिन्ही ‘ओएसयू’. ओहायोने २०१७ मध्ये या अक्षरांवर नोंदणीसाठी अर्ज केला तेव्हा ओक्लाहोमाने हरकत घेतली. पुढे दोघांनी समझोता केला आणि अक्षरे दोघांनाही वापरता येतील असे ठरवले. ओहायो स्टेटने २०२२ मध्ये ‘द’ या शब्दाचीच कपड्यांसाठी व्यापारचिन्ह म्हणून नोंदणी मिळवली, जेणेकरून ‘द’ ओहायो स्टेट वेगळे ओळखू यावे. शिकागोच्या इलिनॉय इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीचे लघुनाम तर थेट आयआयटी. ती संस्था आता स्वतःला ‘इलिनॉय टेक’ म्हणवते.

अर्ज भरताना काय पाहावे?

आपल्याकडे प्रश्न टोपीचा नाही, प्रवेशाचा आहे. राज्याच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेत पहिल्या फेरीत पहिल्या क्रमांकाची पसंती मिळाली, तर ती आपोआप निश्चित होते आणि पुढच्या फेऱ्यांची वाट बंद होते. लघुनाम डोक्यात ठेवून घाईने भरलेला पहिला पर्याय म्हणूनच महागात पडू शकतो. पुढील गोष्टी तपासाव्यात :

– संस्थेचा संकेतांक. नाव सारखे असू शकते, संकेतांक नाही. बहुतेक संलग्न महाविद्यालयांच्या संकेतांकात विभागाचा आकडा असतो. मुंबईसाठी ३, पुण्यासाठी ६.

– पूर्ण नाव आणि पत्ता. ‘कॉलेज ऑफ इंजिनीअरिंग’ आणि ‘इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी’ या शेवटच्या शब्दांवरच अंधेरीतला फरक ठरतो.

– प्रवेशाचा मार्ग. विद्यालंकार आणि विश्वकर्मा यांचे प्रवेश राज्याच्या सीईटीनंतरच्या प्रक्रियेतून होतात. वेल्लोरच्या व्हीआयटीची प्रवेश परीक्षा स्वतंत्र आहे. खासगी व अभिमत विद्यापीठांची वेळापत्रके वेगळी असतात.

– अभ्यासक्रम अनुदानित आहे का. एकाच महाविद्यालयात दोन्ही प्रकार असू शकतात, म्हणून शाखेनुसार पाहावे. विनाअनुदानित संस्थांचे मंजूर शुल्क राज्याच्या शुल्क नियामक प्राधिकरणाकडून ठरते.

– पदवी कोणाची. संलग्न, स्वायत्त, खासगी विद्यापीठ की अभिमत, यावर पदवीवरचे नाव ठरते. पुढे परदेशी अर्ज करताना किंवा सरकारी भरतीत तेच नाव लिहावे लागते.

– क्रमवारी आणि प्लेसमेंटचे आकडे नेमक्या कोणत्या संस्थेचे आहेत. ‘व्हीआयटीला इतके पॅकेज’ ही बातमी वेल्लोरची असेल, तर वडाळ्याच्या किंवा बिबवेवाडीच्या निर्णयाला तिचा उपयोग नाही.

जबाबदारी कुणाची?

ही सगळी खबरदारी आज पालकांवर टाकलेली आहे. ज्या घरात आधी कुणी अभियंता झालेला नाही, तिथे ती सर्वात जड जाते. अशा घराला ‘एसपी’ आणि ‘एसपीआयटी’तला फरक सांगणारा मोठा भाऊ नसतो, वरच्या मजल्यावरचा सीनिअर नसतो. असते ती जाहिरात आणि शिकवणीच्या फलकावरील तीन अक्षरे. ‘आमचे विद्यार्थी व्हीआयटीत’ असे लिहिताना शहर गाळणाऱ्याला कोणताही नियम अडवत नाही.

यावरचा उपाय खर्चाचा नाही. महाविद्यालयांनी आणि शिकवण्यांनी जाहिरातीत आद्याक्षरांशेजारी शहराचे किंवा ठिकाणाचे नाव त्याच आकारात छापावे. परिषदेने आयआयटीसाठी केलेला नियम नव्या संस्थांना नाव देताना राज्यातल्या जुन्या लघुनामांनाही लावावा. सीईटी कक्षाच्या पर्याय-अर्जावर निवडलेल्या संस्थेचे ठिकाण, विद्यापीठ आणि शुल्काचा प्रकार अर्ज निश्चित करण्यापूर्वी एकदा समोर दाखवावा. आद्याक्षरांची भांडणे मुलांनी करंडकाच्या प्रेक्षागृहात आणि भवन्सच्या मैदानावर खुशाल लढावीत. तिथे कुणाचे वर्ष वाया जात नाही.